पोळी आधी सोडली, तपासणी नंतर केली

वाचकांचं पत्र :

‘मी ३८ वर्षांची, नाशिकला राहते, शाळेत शिकवते. चार-पाच वर्षं झाली, पोट फुगतं, गॅस होतो, अधूनमधून जुलाब होतात आणि दुपारनंतर अंगात त्राणच उरत नाही. हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर जायला तयार नाही, लोहाच्या गोळ्या तर कायमच्याच झाल्यात. जिममधल्या ट्रेनरने ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते प्रथिन, सोडायला सांगितलं. आषाढी एकादशीपासून पोळी, पाव, बिस्किटं सगळं बंद करून ज्वारी-बाजरीची भाकरी सुरू केली. तसंही चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, त्यामुळे स्वयंपाक साधाच असतो. पंधरा दिवसांत पोट हलकं वाटायला लागलं. गौरी-गणपतीनंतर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सेलियाकची, म्हणजे ग्लुटेनमुळे आतडं झिजतं त्या आजाराची, रक्ततपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. ते म्हणाले, सेलियाक नाही, ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी असेल, सोसत नाही तर खाऊ नका. सासूबाईंना हे सगळं फॅड वाटतं. “पिढ्यानपिढ्या गहू खातोय, कुणाला काही झालं नाही. फार तर खपली गहू खा, त्यात ते ग्लुटेन नसतं,” असं त्या म्हणतात. सेन्सिटिव्हिटी ही सेलियाकची पहिली पायरी असते का? पुढे त्याचं सेलियाक होईल का? किती कडक पाळायचं? आणि माझी दहा वर्षांची मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी आहे, तिचंही पोट दुखत असतं. तिचाही गहू आत्ताच बंद करू का? माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे आजारपणाची मला जरा धास्तीच आहे.’

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथे घाई झाली तर निस्तरायला वेळ लागेल. मुलीची पोळी बंद करू नका. डब्यात जे जातं ते जाऊ द्या आणि येत्या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी असतील तर त्या सोबत घ्या. एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा दरवर्षी ती किती वाढली हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. मुलगी बुटकी असण्याची कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेक साधी असतात. पण पोटदुखी, खुंटलेली वाढ आणि आईचं वर्षानुवर्षं न हटणारं पंडुरोगाचं दुखणं हे तिन्ही एका घरात दिसलं, तर सेलियाकची रक्ततपासणी व्हायलाच हवी. ती गहू खात असतानाच व्हायला हवी. का, ते तुमच्याच रिपोर्टवरून सांगते.

तुमची जी तपासणी झाली ती बहुधा टीटीजी आयजीए या नावाची असणार. रिपोर्ट काढून बघा. सेलियाक असलेल्या माणसाच्या आतड्यात ग्लुटेन गेलं की शरीर स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ही तपासणी तीच प्रतिपिंडं मोजते. ग्लुटेन बंद झालं की त्यांचं उत्पादन मंदावतं आणि पातळी आठवड्यागणिक उतरत जाते. मुळात ती फार चढलेली नसेल, तर दोन महिन्यांत नॉर्मलच्या रेषेखाली येऊ शकते. तुम्ही आषाढी एकादशीला गहू सोडलात आणि रक्त दिलंत भाद्रपद सरता सरता. म्हणजे मधे दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. अशा वेळी आलेल्या ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘सेलियाक नाही’ असा लावता येत नाही. तुम्हाला सेलियाक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढंच म्हणते.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा शोधा : एकूण आयजीए. काही माणसांच्या शरीरात आयजीए जातीची प्रतिपिंडं मुळातच नसल्यासारखी असतात, आणि सेलियाकच्या रुग्णांमध्ये अशी माणसं इतरांपेक्षा जास्त सापडतात, शंभरात दोन-तीन तरी. त्यांची टीटीजी आयजीए तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येते, कारण मोजायलाच काही नसतं. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र करायच्या असतात. एकूण आयजीए कमी निघालं तर आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांची तपासणी करतात.

आता मला तुमच्या पत्रात खटकलेल्या दोन गोष्टी. पहिली, हिमोग्लोबिन. लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठराच्या लगेच पुढे असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सेलियाकचा पहिला आणि मोठा तडाखा बसतो तो नेमका तिथेच. तिथल्या अस्तरावर टॉवेलच्या लवीसारखे बारीक, उभे उंचवटे असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. सेलियाकमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात. मग गोळी पोटात जाते, पण लोह रक्तात उतरत नाही. म्हणून गोळ्या घेऊनही न हटणारा लोहाचा अभाव हा मोठ्यांमधल्या सेलियाकचा एक ठरलेला चेहरा आहे. कित्येकांना पोटाची काही तक्रारच नसते. नुसता पंडुरोग, ठिसूळ हाडं, तोंडात वारंवार उठणारे छाले, किंवा मूल न राहणं, अशा आडवाटेने तो कळतो. ज्याला ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात, तिच्यात आतड्याचं अस्तर असं झिजत नाही. त्यामुळे तुमचं साडेनऊचं हिमोग्लोबिन ‘सेन्सिटिव्हिटी’ या एका शब्दात बसत नाही. अर्थात पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, गोळीच्या पाठोपाठ चहा घेणं ही कारणंही असू शकतात, आणि आपल्याकडच्या बायकांत ती कितीतरी जास्त आढळतात. तीही विचारली गेली पाहिजेत. पण चार-पाच वर्षं गोळ्याच बदलत राहायच्या आणि कारण शोधायचं नाही, हे बायकांच्या पंडुरोगाबाबत आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की मला त्याचा राग येतो.

दुसरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात : भावाचं इन्सुलिन. लहानपणी सुरू झालेला मधुमेह बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो. तोही शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार, आणि त्याचा संबंध ज्या जनुकांशी आहे त्यांतलीच काही सेलियाकशीही निगडित आहेत. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या साधारण वीसांत एकाला सेलियाकही सापडतो. म्हणून भावाचीही ही तपासणी आजवर झाली आहे का, ते त्याला विचारा. आणि तुमच्या डॉक्टरांना त्याच्याबद्दल सांगा. त्यांना हे माहीत असतं तर त्यांनी तुम्हाला इतक्या लवकर ‘सेलियाक नाही’ असं सांगून मोकळं केलं नसतं, असं मला वाटतं.

आता सेन्सिटिव्हिटीकडे वळते. हे निदान करायला कुठलीही रक्ततपासणी नाही. (हजारो रुपये घेऊन शंभर पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी देणाऱ्या आयजीजी तपासण्या मिळतात. त्या करू नका. एखादा पदार्थ आपण खातो, एवढंच त्यांतून कळतं.) सेलियाक नाही आणि गव्हाची ॲलर्जी नाही हे आधी सिद्ध व्हावं लागतं. ॲलर्जी हे तिसरंच प्रकरण. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात पित्त उठतं, ओठ सुजतात, दमही लागू शकतो. ही दोन्ही बाजूला काढल्यावर, गहू खाल्ला की तक्रारी येतात आणि सोडला की जातात असं उरलं, तर त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणायचं. म्हणजे दोन दारं नीट बंद केल्याशिवाय या तिसऱ्या दाराशी पोचताच येत नाही. तुमचं पहिलं दार अजून सताड उघडं आहे.

आणि हे तिसरं दारही दिसतं तितकं सरळ नाही. तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी त्या चातुर्मासाच्या वाक्यावर थांबले. कांदेनवमी होऊन दोन दिवस झाले, घरातला कांदा-लसूण थांबला, आणि एकादशीला तुम्ही गहूही सोडलात. पंधरा दिवसांत पोट हलकं झालं आणि श्रेय मिळालं एकट्या गव्हाला. पण त्या आठवड्यात तुम्ही दोन गोष्टी सोडल्या होत्या, ताई.

हे महत्त्वाचं का, ते ऐका. गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं, तसे फ्रुक्टान नावाचे पिष्टमय पदार्थही असतात. फ्रुक्टान फोडण्याचं एन्झाइम कुणाच माणसाच्या आतड्यात नसतं. ते न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. बहुतेकांना याचं काही वाटत नाही, पण ज्यांचं आतडं हळवं असतं त्यांचं पोट नगाऱ्यासारखं होतं, कधी जुलाब होतात. आणि गव्हापेक्षाही जास्त फ्रुक्टान कशात असतात? लसणात आणि कांद्यात. म्हणजे पोळी आणि कांदा-लसणाच्या वाटणाची भाजी हे आपलं रोजचं ताट फ्रुक्टानने भरलेलं असतं, आणि तुम्ही दोन्हीकडून एकाच वेळी ते कमी केलंत.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०११मध्ये सेलियाक नसलेल्यांनाही ग्लुटेनमुळे त्रास होतो असं दाखवलं, आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. मग त्याच गटाने २०१३मध्ये ३७ जणांना आधी फ्रुक्टानसारखे आंबणारे सगळे पदार्थ कमी करायला लावले आणि मग न सांगता ग्लुटेन दिलं. या वेळी ग्लुटेनचा असा वेगळा परिणाम दिसला नाही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला मुरड घालायला निघालेली ही माणसं मला आवडतात. पुढे २०१८मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी आपणहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना एकेक आठवडा तीन प्रकारच्या म्युझली बार दिल्या : एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाहीत. कुठली कधी, ते खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला. ग्लुटेनचा आठवडा आणि काहीच नसलेला आठवडा यांत फरक दिसला नाही.

यावरून कुणी तुम्हाला ‘तुमचा त्रास मनाचा आहे’ असं म्हणेल, तर ते चूक. फुगलेलं पोट खरंच फुगलेलं असतं. काही जणांना गव्हातल्या इतर प्रथिनांचा त्रास होत असावा, त्यावरही काम चालू आहे. पण ‘ग्लुटेन’ हे नाव आपण फार लवकर लावून मोकळे होतो.

श्रेय चुकीच्या गोष्टीला देण्याची सेलियाकच्या इतिहासात मोठीच परंपरा आहे. १९२४मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरांनी सेलियाकच्या मुलांना केळ्यांवर ठेवायला सुरुवात केली. भाकरी-पाव बंद, केळी भरपूर. मरणाच्या दारातली मुलं सुधारली आणि केळं हे औषध ठरलं. ज्या गोष्टी ताटातून गेल्या होत्या त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. वर्षानुवर्षं केळ्याचाच उदो उदो झाला. खरा गुन्हेगार पकडला तो हेगच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. त्या उपासमारीत सेलियाकची मुलं मात्र ठीक राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी मग नियंत्रित आहार देऊन, मोजमाप करून १९५०मध्ये उट्रेख्टला प्रबंध मांडला : गुन्हेगार गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य). युद्धातल्या निरीक्षणावर ते थांबले नाहीत, गहू देऊन आणि काढून पाहिला. तुम्हालाही आता तेच करायचं आहे.

त्याआधी तुमचे दोन प्रश्न. सेन्सिटिव्हिटी ही सेलियाकची पहिली पायरी आहे का? नाही. सेलियाकमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्या आतड्यावर उलटते, त्यासाठी विशिष्ट जनुकं लागतात. सेन्सिटिव्हिटीत असं काही चालू असल्याचं दिसत नाही आणि ती वाढत जाऊन सेलियाक बनते याला आधार नाही. गोंधळ होतो तो दोन कारणांनी. एक, ‘सेन्सिटिव्हिटी’ असं लेबल लागलेल्यांत काही जण मुळातच न तपासलेले सेलियाक असतात. पुढे तपासणी झाली की वाटतं, एकाचं दुसरं झालं. दोन, ज्यांच्याकडे जनुक आहे त्यांना सेलियाक कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, साठीतसुद्धा. सेन्सिटिव्हिटी असो वा नसो.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी पोटविकारतज्ज्ञांना भेटा आणि एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकतपासणी करायची का ते विचारा. ही महाग असते, पण तुमच्या परिस्थितीत तिचा एक फायदा आहे : गहू खात असा वा नसा, तिचं उत्तर बदलत नाही. ही दोन्ही जनुकं नसतील तर सेलियाकचा विषय जवळपास संपला. मात्र ती सापडली म्हणून आजार सिद्ध होत नाही. तिघांत एकाकडे तरी ती असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना सेलियाक होतो. जनुकं सापडली, किंवा ही तपासणी परवडणारी नसली, तर पुन्हा गहू खाऊन रक्ततपासणी करावी लागेल. रोज निदान दोन वेळच्या जेवणात गहू, किमान सहा आठवडे. सकाळ-संध्याकाळ एकेक पोळी पुरे. अगदीच सोसलं नाही तर दोन आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून आधी तपासून घेता येतं, पण मग निगेटिव्ह उत्तराची खात्री कमी होते. वजन झपाट्याने उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर हे प्रयोग न करता थेट दाखवा.

टीटीजी वाढलेलं आलं, तर पोळी तेव्हाही लगेच सोडायची नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे घेतात आणि अस्तर झिजलंय का ते पाहतात. आपल्या देशात जंतांसारखे परजीवी, ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशांत होणारा लहान आतड्याचा आजार) अशा कारणांनीही अस्तर झिजतं. म्हणून नुसत्या तुकड्यावरही विसंबायचं नसतं, रक्त आणि तुकडा दोन्ही जुळावं लागतं. मुलांच्या बाबतीत प्रतिपिंडं नॉर्मलच्या दहापटीहून जास्त असतील आणि दुसऱ्या नमुन्यात वेगळी खात्रीची तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

तुमचं पत्र दसऱ्याच्या तोंडावर आलं आहे, आणि ही वेळ सोयीची आहे. दसऱ्यापासून पोळी सुरू केलीत तर सहा आठवडे कार्तिकी पौर्णिमेच्या पुढे आठवडाभर जातात. कार्तिकी एकादशीपर्यंत घरात कांदा-लसूण नाहीच. तुम्ही तो आणखी दहा-बारा दिवस, रक्त देईपर्यंत, लांबवा. म्हणजे गहू एकटा परत येईल. वहीत रोज चार शब्द लिहा : पोट, शौच, थकवा. रक्त दिल्यावर, आणि सेलियाक नाही असं ठरल्यावर, गहू तसाच ठेवून कांदा-लसूण आणा. तेव्हा पोट बिघडलं तर संशय कुणावर घ्यायचा ते कळेल. आपण काय खातोय हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे धास्तीनेही पोट बिघडतं, हे लक्षात ठेवून वहीकडे बघा. दिवाळीचे शंकरपाळे आणि करंज्या या काळात निःशंक खायच्या आहेत, तो तपासणीचाच भाग आहे.

किती कडक पाळायचं, याचं उत्तर म्हणूनच निदानावर अवलंबून आहे, आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. सेन्सिटिव्हिटी किंवा फ्रुक्टानचा त्रास असेल, तर सोसेल तितकं खायचं. लग्नात एक पुरी खाल्ली तर फार तर रात्री पोट गुरगुरेल, आतड्याला इजा नाही. पोळीऐवजी भाकरी, लसणाऐवजी लसूण परतून गाळून घेतलेलं तेल (फ्रुक्टान तेलात उतरत नाहीत), एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. आहारतज्ज्ञांच्या मदतीने काही आठवडे हे पदार्थ कमी करून एकेक परत आणायचे असतात. आयुष्यभर वर्ज्य करायचे नसतात.

सेलियाक असेल तर मात्र जन्मभर, आणि काटेकोर. एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज फक्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा, तीन महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा होते असं दिसलं आहे. त्रास जाणवला नाही तरी इजा चालूच असते, म्हणून ‘मला थोडं चालतं’ हे इथे लागू नाही. मग स्वयंपाकघरात पोलीसगिरी करावी लागते. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे वरणाच्या फोडणीतूनही गहू जातो. मेतकुटात, थालिपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरांत मूठभर गहू घालतात. सातूचं पीठ, कुरडया, शेवया, प्रसादाचा शिरा हे तर उघड आहे, पण दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी (माल्ट म्हणजे जव), सोया सॉस, एकाच तव्यावरची पावभाजी हे सुटून जातं. सगळ्यात अवघड गिरणी. तुमच्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि ते पीठ थोडं तरी तुमच्या डब्यात उतरतं. घरघंटी असेल तर तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. उपवासाचं ताट मात्र कामी येतं : भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, तांदूळ आणि डाळींची चकली यांत मुळात गहू नाही. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर आपल्या कायद्याप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पण ती महागडी बिस्किटं बहुतेक स्टार्च आणि साखर असतात. ज्वारीची भाकरी त्यांच्याहून कधीही सरस.

इतकं सगळं मी मुद्दाम लिहिलं. निदानाशिवाय कुणी हे जन्मभर पाळू शकत नाही, आणि निदान असताना कुणी ते सैल पाळू नये.

राहिल्या सासूबाई. निरोगी माणसाने ग्लुटेन सोडणं हे फॅड आहे, यात त्या बरोबर आहेत आणि तसं त्यांना सांगाही. खपलीच्या बाबतीत मात्र चूक. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतंच. त्याची कणीक नेहमीच्या गव्हासारखी लवचीक होत नाही म्हणून लोकांना ते नसल्यासारखं वाटतं. सेलियाकच्या माणसाला खपली चालत नाही, तसेच जव आणि रायही. ‘पिढ्यानपिढ्या’बद्दल म्हणाल, तर आपल्या दख्खनच्या कितीतरी घरांत रोज भाकरी आणि सणाला पोळी अशीच रीत होती. रोज दोन्ही वेळा पोळी हे त्या मानाने अलीकडचं. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत २३ हजारांवर प्रौढांची तपासणी करून २०१६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेलियाकशी संबंधित जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच, जवळपास तिघांत एकाकडे. पण आजार उत्तरेत हजारी साधारण साडेआठ, ईशान्येत साडेचारच्या आसपास आणि दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एक. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅमच्या घरात, दक्षिणेत २५. ‘कुणाला काही झालं नाही’ या वाक्यात हेही मोजायला हवं की पूर्वी गहू किती खाल्ला जात होता, आणि अशक्त, खंगलेल्या बाईला कुणी तपासलं होतं का.

तुम्हाला सेलियाक निघाला, तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करतात. जवळच्या नात्यात दहा-बारा जणांत एकाला तरी तो सापडतो. मुलीची पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी मग काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागेल. दसऱ्याच्या आत पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना गणपतीनंतरचा तो रिपोर्ट, हिमोग्लोबिनचे जुने कागद आणि एका कागदावर दोन तारखा लिहून न्या : गहू कधी सोडला आणि रक्त कधी दिलं.